नडगीवर एका बोटानं दाखवता येणारं दुखणं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारी मुलगी २१ वर्षांची आहे. बीड जिल्ह्यातल्या एका गावची, सध्या लातुरात रूम करून पोलीस भरतीची तयारी करते. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. अकॅडमीची फी वडिलांनी मुकादमाकडून जादा उचल घेऊन भरली आहे. ती आधी फक्त सकाळी पळायची. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, जवळ आलं म्हणून सरांनी सकाळ-संध्याकाळ पळायला लावलं, तेही बायपासच्या डांबरी रस्त्यावर. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्यापासून वीतभर वर दुखायला लागलं. पहिल्यांदा पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, आता जिना चढतानाही दुखतं. दोन रात्री तर दुखण्यानं जाग आली. एक्स-रेत काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या आणि इंजेक्शन दिलं. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस पळता येतं. सर म्हणतात, शिन पेन (नडगीची ठणक) सगळ्यांनाच होतं, पळत राहिलं की आपोआप जातं. आई म्हणते, गावाकडं ये, चोळून घे. वजन उतरलं की टायमिंग सुधारेल म्हणून तिनं रात्रीचं जेवण सोडलं आहे. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘पाळी चार महिन्यांपासून आली नाही, पण ते बरंच आहे, ग्राउंडच्या दिवशी अडचण नको.’ ग्राउंड दीड महिन्यावर आहे. ती विचारते, ‘ताई, दर आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन तेवढे दिवस काढू का? का मीच मनानं कच्ची आहे?’

उत्तर:

पोरी, आज संध्याकाळपासून पळणं बंद कर. कारणं पुढं सविस्तर सांगते. पण हे वाचताना तू पायात बूट घालून बसली असशील, तर आधी ते काढ.

नुसतं पत्र वाचून निदान करू नये, मीही करत नाही. पण तू सगळं इतकं नेमकं लिहिलं आहेस की ते वाचून कुणाही हाडाच्या डॉक्टरला किंवा फिजिओला पहिली शंका स्ट्रेस फ्रॅक्चरची येईल. पडून-आपटून हाड मोडतं, तसं हे नसतं. तोच भार त्याच जागी पुन्हा पुन्हा येतो, हाड आतून थकतं आणि त्याला बारीक तडा जातो. सुरुवातीला तर तडाही नसतो, हाडाच्या आत नुसती सूज असते. तिला डॉक्टर स्ट्रेस रिअ‍ॅक्शन म्हणतात. तू कुठल्या पायरीवर आहेस ते तपासणीत कळेल. पहिला उपाय दोन्हींचा एकच आहे.

हाड जिवंत असतं, हे आपल्या लक्षात राहत नाही. धावण्याचा नवा भार आला की शरीर आधी जुनं, थकलेलं हाड खरवडून काढतं आणि मग तिथं नवं भरतं. खरवडणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र काही महिने लागतात. म्हणून सराव एकदम वाढवला की साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते हाड आधीपेक्षा नाजूक झालेलं असतं. गंमत अशी की दम तोवर वाढलेला असतो, मांड्या-पोटऱ्या तयार झालेल्या असतात, टायमिंग सुधारत असतं. आपण आणखी जोर लावतो, आणि हाड त्यासाठी तयार नसतं. तुझं दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते आठवून बघ. ओल्या सारवणावरून सकाळ-संध्याकाळ ये-जा केली तर जमीन धरेल का? तुझ्या नडगीचं तसंच झालेलं दिसतंय. जिद्द वाढवून हाड लवकर भरत नाही, त्याला मोकळे दिवसच द्यावे लागतात. म्हणून मनानं कच्ची असण्याचा प्रश्न इथं येतच नाही.

आता सरांचं म्हणणं. ते साफ चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. भरतीच्या मुलामुलींच्या नडग्या दुखतात त्यात शिन पेनच जास्त असतं, आणि सरांनी अशी पोरं बरी होताना पाहिलेली असणार. पण शिन पेन आणि हाडाचा तडा यांत फरक आहे आणि तो घरी बसून बराचसा ओळखता येतो. पलंगावर बस, पाय सैल सोड. नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्याकडून गुडघ्याकडं अंगठ्यानं हळूहळू दाबत जा. शिन पेनमध्ये दुखरा भाग लांबट असतो, पाच सेंटिमीटरहून मोठा, कधी वीतभर. पळायला सुरुवात करताना दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, थांबल्यावर पुन्हा ठणकतं. तडा असेल तर दुखणारी जागा एका बोटानं दाखवता येते. तिथं दाबलं की तू दचकून पाय मागं घेशील, आणि दोन बोटं वर-खाली सरकलं की तेवढं दुखणार नाही. शिवाय ते पळताना कमी न होता वाढत जातं, मग चालताना, जिन्यावर, शेवटी पडल्या पडल्याही दुखू लागतं. तुझ्या पत्रात हा सगळा क्रम आलेला आहे. मोबाइलवर एका पायावर उड्या मारून बघायची चाचणी दाखवतात, ती करू नको. हाड आधीच चिरलेलं असेल तर त्या उड्या महागात पडतील.

आणि शिन पेन असतानाही तेवढंच, त्याच रस्त्यावर पळत राहिलं तर पुढं तडा जाऊ शकतो. ‘पळत राहिलं की आपोआप जातं’ हा सल्ला म्हणून शिन पेनलाही लागू नाही.

एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून तू दुखण्यावर शंका घेऊ लागलीस. खरं तर शंका घ्यायची तर त्या एक्स-रेवर घ्यायला हवी. तडा गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. पुढं जे दिसतं तेही पुष्कळदा तड्याभोवती साठू लागलेलं नवं हाड असतं. म्हणजे दुरुस्ती सुरू झाली की मग खूण पडते. हे दुखणं सैन्यात फार जुनं आहे. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं लांबवर कूच करून सुजलेल्या सैनिकांच्या पावलांबद्दल लिहून ठेवलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ ला. मधली चाळीस वर्षं सैनिकांचे पाय दुखत होते आणि कारण कुणाला दिसत नव्हतं. एक्स-रे आल्यावर पावलाच्या लांब हाडांतले तडे दिसले आणि त्याला मार्च फ्रॅक्चर असं नाव पडलं. तुझ्या डॉक्टरांनी एक्स-रेत काही नाही म्हटलं ते खरंच असेल. पण एक्स-रेत नाही आणि हाडात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रात्री जाग येण्याइतकं दुखणं मात्र मी हलक्यात घेणार नाही. पुढं गेलेल्या तड्यात तसं होतं, पण हाडातला जंतुसंसर्ग किंवा गाठ असली तरीही होतं. ताप येतो का, जागेवर फुगवटा आहे का, विश्रांती घेऊनही दुखणं वाढतंय का, हे डॉक्टरांना स्वतःहून सांग.

इंजेक्शनचं म्हणशील तर त्यानं हाड जुळत नाही, फक्त दुखणं कळेनासं होतं. तू त्या दोन दिवसांत तडा असलेल्या हाडावर पूर्ण वेगानं पळतेस आणि थांब म्हणणारी एकच गोष्ट गप्प केलेली असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक औषधांनी हाड भरण्याचं काम मंदावू शकतं, अशीही शंका वैद्यकात आहे, म्हणून अशा वेळी बरेच डॉक्टर पॅरासिटामॉलवर भागवतात. रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेतल्या तर पित्त, अल्सर, मूत्रपिंडावर ताण, हे वेगळंच. तू रात्री जेवत नाहीस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आईचा जीव तुटतोय, ते कळतं. पण तडा असलेल्या जागी चोळून घेऊ नको. आपल्याकडं उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, लचकलं की हाडवैद्याकडून ओढून घेतात. हाड दुखतंय तिथं यातलं काहीही नको. पोटरीला हलक्या हातानं तेल लावून दिलं तर बिघडणार नाही. नडगीच्या हाडावर दाब देऊ नये. आईला ‘तुझं चुकतंय’ म्हणण्यापेक्षा ‘डॉक्टरांनी हाडाला हात लावू नको म्हटलंय’ असं सांग, ती ऐकेल.

आता त्या शेवटच्या ओळीकडं येते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली.

पाळी बंद झाली हे बरं झालं नाही, बाई. माझ्याकडं भरतीच्या ज्या मुली येतात त्यातल्या कितीतरी जणी हे असंच, दाराशी उठून जाताना सांगतात. कुणी सांगतच नाही, मला विचारावं लागतं. शरीराला जेवढं लागतं त्यापेक्षा कमी अन्न मिळालं आणि वरून दोन वेळचं पळणं आलं, की शरीर खर्च कापू लागतं. आधी पाळी थांबवतं. पाळीसोबत इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं राखण्यात त्या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. मग हाडं विरळ व्हायला लागतात, थकवा येतो, सर्दी-ताप लवकर बरा होत नाही, चिडचिड होते, आणि ज्यासाठी हे सगळं केलं ते टायमिंगही अडकून बसतं. खेळाडू मुलींमधला कमी खाणं, पाळी जाणं आणि हाडं कमजोर होणं हा तिपेडी गुंता डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं तो आणखी व्यापक करून ‘रेड-एस’ या नावानं मांडला, कारण मुलांनाही तो होतो. वजन कमी केलं की वेग वाढतो, हे तुझं गृहीत थोड्या दिवसांपुरतं खरं ठरतं. तू हाडाच्या जिवावर वजन उतरवते आहेस.

पाळी सलग तीन महिने आली नाही तर तपासून घ्यावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडं जा. थायरॉईड, पीसीओडी, रक्त कमी असणं, गरोदरपण, सगळ्या शक्यता त्या तपासतील. प्रश्न ऐकून अवघडू नको, ते सगळ्यांनाच विचारतात. पाळी आणायच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घेऊ नको. गोळीनं रक्तस्राव होईल, पण पोट उपाशीच असेल तर हाडाचं दुखणं जिथल्या तिथं राहील.

रात्रीचं जेवण आजपासून चालू कर. मेसच्या दोन पोळ्या आणि पातळ वरणावर दोन वेळचं पळणं होत नाही, हे मेसवाल्यालाही कळतं. पळून आलं की तासाभरात काहीतरी पोटात गेलं पाहिजे: मूठभर शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, उकडलेली अंडी, केळं. हाडासाठी तुझ्या वयाला रोज साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिच्यात कॅल्शियम फारसं नसतं. दोन ग्लास दुधातून जवळपास निम्मं भागतं. दूध परवडत नसेल किंवा पचत नसेल तर दही, ताक, तिळाची आणि कारळाची चटणी, शेवग्याचा पाला, दुकानात मिळत असेल तर नाचणी. आणि ऊन. मराठवाड्याच्या उन्हात राहून ड जीवनसत्त्व कमी कसं, असं वाटतं. पण तू उजाडायच्या आत पळतेस, बाही मनगटापर्यंत, तोंडाला स्कार्फ, आणि मग दिवसभर अभ्यासिकेत. ऊन अंगाला लागतं कधी? ड जीवनसत्त्वाची रक्तचाचणी करून घे, कमी असेल तर डोस डॉक्टर ठरवतील. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या पाच हजारांहून जास्त महिलांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळलं. म्हणजे गोळ्यांचा उपयोग आहे, पण फ्रॅक्चर त्या गटातही झालीच. सराव कसा वाढवतो ते बघावंच लागतं.

आता उद्या काय करायचं. लातुरातच आहेस तर विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या अस्थिरोग ओपीडीत जा. गावाकडं गेलीस तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. इतर जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय. जाताना जुना एक्स-रे, गोळ्यांची पाकिटं ने, आणि एका कागदावर लिहून ने: पळणं कधी, किती वाढवलं, दुखणं कधी सुरू झालं, नेमकं कुठं, पाळीची शेवटची तारीख. ओपीडीत गर्दी असते, मिनिटं कमी मिळतात. कागद असला की काही सुटत नाही. ‘स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकेल का?’ असं थेट विचार. त्यात उद्धटपणा काही नाही.

सगळ्यात खात्रीची तपासणी एमआरआय. त्यात नुसती सूजही दिसते आणि तडा किती पुढं गेलाय तेही कळतं. पण खासगीत ती महाग असते आणि तुझ्या घरची परिस्थिती तू लिहिली आहेस. म्हणून सांगते, नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं असेल तर एमआरआयवाचून उपचार अडत नाहीत. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर तडा आहे असं धरून विश्रांती सुरू करतात आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात. एमआरआयसाठी आणखी उचल घ्यायला वडिलांना सांगू नको, आधी सरकारी रुग्णालयात विचार.

जागेचं महत्त्व का, तेही सांगते. नडगीची आतली-मागली कड बहुधा विश्रांतीनं नीट भरते. नडगीच्या पुढच्या बाजूला, मधोमध जो तडा जातो तो चिवट असतो, तो पूर्ण मोडायची भीती असते, कधी रॉड घालावा लागतो. तुझी जागा, तू लिहिलीस त्यावरून, पहिल्या प्रकारची वाटते. ती चांगली बातमी आहे.

उपचार ऐकायला फार साधा आहे, म्हणूनच तो पाळणं अवघड जातं. चालताना दुखत असेल तर काही दिवस कुबडी किंवा वॉकर बूट. चालताना दुखत नसेल तर रोजचं चालणं चालू, पण पळणं, उड्या, दोरी, जिन्यावरचे राऊंड सहा ते आठ आठवडे बंद. पहिले दिवस कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ लावला तर आराम पडतो. दम टिकवायला सायकल चालव, पेडल मारताना त्या जागी दुखत नसेल तर. कमरेला ट्यूब बांधून खोल पाण्यात पळण्याची हालचाल केली तरी हाडावर आदळ न येता दम राहतो. पण त्यासाठी पोहता आलं पाहिजे, सोबत कुणी पाहिजे, आणि गावाकडच्या विहिरीत मुलीला असं उतरता येणं सोपं नाही हे मला माहीत आहे. जमलं तर कर, नाहीतर सायकल पुरेशी. पोट, पाठ, कंबर, मांडी यांचे जमिनीवर झोपून करायचे व्यायाम मात्र रोज कर. गोळाफेकीचा हात आणि खांदा बसून, डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन तयार ठेवता येतो.

मग ग्राउंडचं काय? इथं तुला गोड बोलून उपयोग नाही. सहा ते आठ आठवडे विश्रांती, आणि त्यानंतर पूर्ण वेगानं पळण्यापर्यंत आणखी महिना-दीड महिना. तुझं ग्राउंड दीड महिन्यावर आहे. तडा असेल तर हे ग्राउंड बहुतेक जाईल. तपासणीत नुसती सूज निघाली तर कमी वेळात बरी होशील, मग डॉक्टरांशी बोलून ठरव. पण तोवर आशेवर पळू नको. इंजेक्शन घेऊन त्या दिवशी उतरलीस तर ८०० आणि १०० मीटर जीव तोडून पळावं लागेल, आणि नडगीवर तेवढा जोर सरावातही आलेला नसेल. ट्रॅकवर हाड पूर्ण मोडलेली उदाहरणं आहेत. तसं झालं तर ऑपरेशन, महिनोन्‌महिने घरी, खर्च वेगळा, आणि हे ग्राउंड तर गेलेलंच. दुसऱ्या बाजूला, तू २१ ची आहेस. शिपाई पदासाठी खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गांना ३३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. पुढच्या जाहिरातीत तेवढं एकदा बघून घे. मैदानी ५० गुणांची आहे, लेखी १०० गुणांची. सकाळ-संध्याकाळ पळण्यात तुझे जे तास आणि जो जीव जात होता तो आता गणित, बुद्धिमत्ता आणि व्याकरणाला दे. माझ्या माहितीतल्या काही जणींनी अशा सक्तीच्या विश्रांतीत लेखी पक्की केली, आणि पुढच्या भरतीत त्याचाच त्यांना आधार झाला.

परत पळायला कधी लागायचं? तारीख बघून नाही, पाय बघून. जागेवर दाबल्यावर दुखत नाही, आठवडाभर नेहमीचं चालताना दुखलं नाही आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की अर्धा तास झपझप चालण्यापासून सुरू कर. ते जमलं की एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. मग पळण्याची मिनिटं हळूहळू वाढव. आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढ पुरे. वेग, स्प्रिंट, स्पाइक्स सगळ्यात शेवटी. मध्ये त्याच जागी दुखलं तर दोन दिवस थांब आणि एक पायरी मागं ये. पुन्हा दुखलं तर डॉक्टरांकडं जा. पोटऱ्यांची ताकद वाढवायला भिंतीला धरून टाचा उचलण्याचा व्यायाम कायमचा ठेव, थकलेली पोटरी भार झेलत नाही आणि तो सगळा हाडावर जातो.

रस्त्याबद्दल थोडंसं. डांबर कडक असतं आणि बायपास कडेला उतरता असतो, रोज एकाच कडेनं पळालं की एका पायावर जास्त भार येतो. काळ्या रानात पळावं तर उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, पाय मुरगळतो. सपाट मुरमाचं ग्राउंड सगळ्यात बरं. बुटाचा तळ एका बाजूनं झिजला असेल, आतला फोम दबून कडक झाला असेल तर बूट बदल. महागडा घ्यायची गरज नाही, पायाला नीट बसणारा, पळण्यासाठीचा घे. पण नवा बूट घालून जुन्या तड्यावर पळू नको.

इतर वाचकांसाठी काही गोष्टी इथंच सांगून टाकते, कारण पायी दिंडीच्या दिवसांत आणि कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांकडून असेच प्रश्न येतात. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या हाडावर सूज आणि बोटानं दाखवण्याइतकं दुखणं आलं तर ते मार्च फ्रॅक्चर असू शकतं. नवस असला तरी उरलेली वाट गाडीनं जा. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात दाबल्यावर कळ आली तर टाचेच्या हाडाचा विचार करावा लागतो. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर, किंवा घोट्याच्या पुढं पावलाच्या कमानीवर दुखत असेल तर ती हाडं भरायला कुरकुर करतात, तिथं प्लास्टर लागू शकतं, वेळ काढू नका. आणि पळणाऱ्या मुला-मुलींनो, जांघेत दुखून लंगडायला होत असेल तर त्याच दिवशी पायावर भार देणं थांबवून रुग्णालय गाठा. खुब्याच्या हाडाच्या मानेतला तडा सरकला तर खुबाच धोक्यात येतो. पाळी कायमची गेलेल्या बायकांना, आणि दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्यांना, थोड्याशा जास्त चालण्यानंही तडा जाऊ शकतो. मधुमेह असलेल्यांचं पाऊल सुजून गरम लागत असेल तर न दुखतासुद्धा लगेच दाखवा, त्यांच्या नसा दुखणं कळवतीलच असं नाही.

राहिले वडील. उचल घेऊन फी भरली आणि आपण थांबलो, हे कसं सांगायचं, या धास्तीनं तू इंजेक्शनं घेते आहेस असं मला पत्रातून वाटलं. ते स्वतः कोयता चालवतात. दुखणं दाबून काम केलं की पुढं किती दिवस बुडतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. रुग्णालयात जाण्याआधीच आज रात्री फोन कर. ‘नडगीच्या हाडाला चीर असल्याची शंका आहे, उद्या सरकारी दवाखान्यात दाखवतेय, दोन महिने पळायचं नाही, तोवर लेखीचा अभ्यास करते,’ एवढं सरळ सांग. सरांना डॉक्टरांचा कागद दाखव आणि भरलेल्या फीमध्ये लेखीच्या बॅचला बसू द्या असं माग. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. म्हटलं, तर वडिलांना फोनवर घेऊन त्यांच्याशी बोलणं करून दे.